दोरी ओढली, फॅन थांबला. पण वीज थांबली का?

आमच्या शेजारच्या अक्का जुळे सोलापुरात आमच्याच मजल्यावर राहतात. त्यांच्या बाथरूमच्या छताला एक पांढरी डबी आहे आणि तिच्यातून खाली दोरी लोंबते. टोकाला प्लास्टिकचा गोंडा. दोरी ओढली की एक्झॉस्ट फॅन सुरू, पुन्हा ओढली की बंद. मुलगा इंग्लंडला असतो, तिथून त्याने हा स्विच आणला आणि हौसेने बसवून घेतला. सात-आठ वर्षं काही तक्रार नव्हती. मागच्या महिन्यात दोरी डबीच्या तोंडाशीच तुटली.

गल्लीतला वायरमन आला. त्याने असला स्विच कधी उघडलेला नव्हता. स्टुलावर चढला, बाहेरच्या बोर्डावरचं फॅनचं बटन बंद केलं आहे ना, एवढं विचारलं आणि डबीचं झाकण काढलं. मी तिथेच उभी होते. त्याला थांबवून म्हटलं, "दादा, आधी टेस्टर लावा." टेस्टर लावला, तर आतल्या एका तारेवर तो लख्ख पेटला. बाहेरचं बटन फॅनचं नव्हतंच, आरशावरच्या दिव्याचं होतं.

माझे वडील गिरणीत वायरमन होते, मी स्वतः आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला. तरीही त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. दोरीचा स्विच बदलणं हे काम तसं अर्ध्या तासाचं. पण त्या अर्ध्या तासात वीज नेमकी कुठे असते, हे घरातल्या माणसाला आणि पुष्कळदा वायरमनलाही नीट ठाऊक नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दोरी ओढल्यावर वर काय होतं?

सोलापूरकरांना हे समजायला सोपं आहे, कारण आपल्या पेठांमधून हातमाग चाललेले पुष्कळांनी पाहिलेत. विणकर मुठीची दोरी खेचतो, धोटा डावीकडून उजवीकडे पळतो. तीच दोरी पुन्हा खेचली की धोटा उजवीकडून डावीकडे येतो. दोरी एकच, ओढ एकाच दिशेची, पण फळ आलटून पालटून. दोरीच्या स्विचमध्येही हेच घडतं. आत एक लहान दातेरी चकती आणि स्प्रिंग असते. प्रत्येक ओढीला चकती एक घर पुढे सरकते. एका घरात तांब्या-पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटतात, पुढच्या घरात दूर होतात. चिकटल्या की फॅन फिरतो, दूर झाल्या की थांबतो. टिचकीचं बॉलपेन असंच चालतं.

हा स्विच बिघडतो तो तीन प्रकारे. दोरी झिजून तुटते. चकतीचे दाते किंवा स्प्रिंग थकते, मग दोरी ओढली तरी 'टक' आवाज येत नाही, नाहीतर आवाज येतो आणि काहीच होत नाही. तिसरा प्रकार म्हणजे पट्ट्या जळतात. फॅनच्या मोटरीत तांब्याची गुंडाळी असते, ती बंद करताना पट्ट्यांच्या मध्ये बारीक ठिणगी उडते. दिवसातून पाच-सहा वेळा, वर्षानुवर्षं. त्यात बाथरूमची वाफ. शेवटी पट्ट्यांवर काळा थर चढतो.

जुन्या घरांत पलंगाशेजारी लोंबणारा बेड स्विच असायचा, तो आठवत असेल तर एक फरक ध्यानात घ्या. बेड स्विचमध्ये वीज तारेतून खाली आपल्या हातात येते. दोरीच्या स्विचमध्ये वीज वरच राहते आणि आपल्या हाताची ओढ दोरीतून तिच्यापर्यंत जाते. सगळी सुरक्षितता या उलटेपणात आहे. म्हणून ही दोरी नायलॉनची किंवा सुताची, वीज न वाहणारी असते. तिच्या जागी धातूची साखळी किंवा वायरचा तुकडा बांधायचा नाही. डबीच्या आतपर्यंत धातू पोचला, की वीज आणि हात यांच्यातलं अंतर संपलं.

पण भिंतीवरचं बटनही प्लास्टिकचंच असतं ना?

असतं. कोरड्या हाताने ते सुरक्षितही असतं. अडचण पाण्याची आहे. बटन आणि त्याची चौकट यांच्यात केसाएवढी फट असते. ओल्या बोटावरचं पाणी त्या फटीत आपोआप ओढलं जातं, जसं चादरीचं एक टोक बादलीत राहिलं तर ओल हळूहळू वर चढत जाते. फटीच्या आत वीज आहे. पाण्याने तिथपर्यंत वाट केली की बोट त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला असतं.

आता आपल्या शहरातली बाथरूम डोळ्यांसमोर आणा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून पिंप, टाकी, बादल्या सगळं तिथेच भरून ठेवलेलं. पाणी आलं की घाईघाईने भरणं, सांडणं. फरशी ओली, पाय अनवाणी. ओल्या अंगाचा विजेला होणारा अडथळा फार कमी होतो. हिशेबाला तो साधारण एक हजार ओहम धरतात. ओहम हे अडथळ्याचं माप. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. भागाकार करा: ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. २३० मध्ये हृदयाची लय बिघडू शकते.

ब्रिटनमध्ये वायरिंगच्या नियमांचं जे पुस्तक आहे, बीएस ७६७१, त्यात बाथरूमचे पट्टेच आखलेले आहेत. टब किंवा शॉवरच्या वर, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत एक पट्टा, त्याच्या बाजूला आणखी ०.६ मीटरचा दुसरा. या पट्ट्यांत भिंतीवरचं साधं बटन चालत नाही. मात्र छतावरच्या स्विचची वीज न वाहणारी दोरी तिथे लोंबली तरी चालते. तिकडच्या घरांत ही दोरी सर्रास दिसते, ती यामुळे. आपल्याकडे उत्तर वेगळं निघालं: बोर्डच दाराबाहेर लावायचा. दोन्ही उत्तरांमागचा विचार एकच, ओला हात आणि बटन यांची गाठ पडू नये.

फॅन बंद, तार चालू

आता मुख्य गोष्ट. विजेला जायला एक तार आणि परत यायला एक तार लागते. वीज घेऊन येते ती फेज, परतीची ती न्यूट्रल. फेजला हात लागला तर झटका बसतो. न्यूट्रलचा दाब सहसा जमिनीइतकाच, म्हणजे जवळपास शून्य असतो. स्विच फेजच्या वाटेवर बसवायचा असतो. पण तो चुकून न्यूट्रलवर बसवला, तरी फॅन चालू-बंद अगदी व्यवस्थित होतो! वाट कुठेही तोडली तरी प्रवाह थांबणारच.

शेतातल्या पाइपचं उदाहरण घ्या. मोटरीजवळचा कॉक बंद केला की पुढचा पाइप रिकामा होतो. तोच कॉक पाइपच्या शेवटच्या टोकाला बसवला, तर बंद केल्यावर पाणी बाहेर पडायचं थांबतं, पण पाइप दाबाखाली भरलेलाच राहतो. मध्ये कुठेही भोक पडलं की चिळकांडी. न्यूट्रलवर बसवलेला स्विच म्हणजे शेवटच्या टोकाचा कॉक. फॅन थांबलेला दिसतो, पण त्याची सगळी गुंडाळी विजेने भरलेली असते. कुणी पाती पुसायला हात घातला आणि आतलं इन्सुलेशन कुठे गेलेलं असलं, तर झटका. फॅन पत्र्याच्या बॉडीचा असेल आणि अर्थिंग दिलेलं नसेल, तर बॉडीलाही.

हे ओळखायचं कसं? स्विच बंद ठेवून त्याच्या दोन टोकांना टेस्टर लावला, तर दोन्ही प्रकारांत एकच टोक पेटतं. त्यामुळे वायरमन फसतो. खरा निवाडा स्विच चालू ठेवून होतो. फॅन फिरत असताना दोन्ही टोकं पेटली, तर स्विच फेजवर आहे, बरोबर. फॅन फिरतोय आणि एकही टोक पेटत नाही, तर स्विच न्यूट्रलवर आहे. ही तपासणी चालू विजेवरची आहे, ती वायरमनलाच करू द्या. तुम्ही फक्त करायला सांगा आणि शेजारी उभे राहून बघा. अक्कांच्या घरी आम्ही ती केली. स्विच फेजवर निघाला, हे नशीबच म्हणायचं. आमच्या स्वतःच्या घरात मात्र मागे दोन ठिकाणी उलटं निघालं होतं.

मेन बंद केला की झालं?

बहुतेकांना असंच वाटतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरचं काम काय? बाहेरची वीज गेली की घराला वीज द्यायची. तुम्ही मेन खाली पाडला, तर इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली. तो तत्परतेने आपल्या कामाला लागतो आणि ज्या लाइनवर तो जोडलेला आहे तिथे पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. बाथरूमचा दिवा आणि फॅन बऱ्याच घरांत इन्व्हर्टरच्याच लाइनवर असतात, अंधारात कुणी घसरू नये म्हणून. म्हणजे ज्या तारेला तुम्ही हात लावणार, तीच तार मेन पाडल्यावर इन्व्हर्टर जिवंत ठेवतो.

म्हणून आधी इन्व्हर्टरचं बटन बंद, मग मेन बंद. इन्व्हर्टरचं बटन बंद असताना काही मॉडेलं बाहेरची वीज तशीच पुढे सोडतात, त्यामुळे फक्त इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही. दोन्ही हवं. छतावर सोलर आणि त्याला बॅटरी असेल तर तिसराही स्विच आला.

मेनबद्दल आणखी एक. सिंगल-पोल एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा, एकच पट्टी असलेला छोटा स्विच, फक्त एक तार तोडतो. खांबावर किंवा मीटरपाशी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेली असेल, तर तो एमसीबी न्यूट्रल तोडेल आणि फेज घरभर तशीच राहील. दोन्ही तारा एकदम तोडणारा जोडपट्टीचा मेन स्विच असतो, तो पाडा. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असतील तर मेन पाडून फ्यूजची चिमटीही काढून खिशात ठेवा. खिशात एवढ्यासाठी, की तुम्ही स्टुलावर असताना 'लाइट का गेली' म्हणून कुणी ती परत बसवू नये. वडील गिरणीत हेच करायचे, आणि घरीही.

एवढं सगळं करूनही टेस्टर लावायचाच. आणि तोही एकदा नाही. वीज असताना एखाद्या सॉकेटला लावून टेस्टर पेटतो का ते बघा. मग सगळं बंद करून ज्या तारेवर काम करायचं तिला लावा. मग इन्व्हर्टर-मेन क्षणभर चालू करून टेस्टर पुन्हा त्या सॉकेटला लावा, पुन्हा सगळं बंद करा आणि कामाच्या तारेला शेवटचा एकदा टेस्टर लावा. मधल्या वेळात टेस्टरच खराब झाला असेल, तर न पेटलेला दिवा तुम्हाला खोटं सांगत असतो. यात पाच मिनिटं जातात. ती जाऊ द्या.

एमसीबी आहे, मग भीती कसली?

एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. सहा अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह झाला तरच पडतो. सहा अँपिअर म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. वरचा हिशेब आठवा: ओल्या अंगातून जाणारे २३० मिलिअँपिअर म्हणजे त्याचा पंचविसावा हिस्साही नाही. एमसीबीच्या लेखी तो एखादा बल्ब असतो.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. हे उपकरण जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून बघतं. शंभर घागरी दिल्या आणि शंभर परत आल्या, तर ठीक. कमी आल्या, तर वाटेत कुठेतरी गळती आहे, कदाचित माणसाच्या अंगातून जमिनीत. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यायचा असतो. तेवढ्या गळतीला तो क्षणार्धात लाइन तोडतो. त्यालाही मर्यादा आहे: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली, तर सगळ्या घागरी परत येतात आणि त्याला काही कळत नाही.

पुष्कळ घरांत आरसीसीबी बसवलेला होता, पण 'सारखा पडतो' म्हणून काढून टाकलेला असतो. बऱ्याचदा इन्व्हर्टरची न्यूट्रल आणि मेनची न्यूट्रल एकत्र गुंफलेली असते, म्हणून तो पडतो. कधी खरोखर गिझरची गळती असते. दोन्ही बाबतींत तो आपलं काम चोख करत असतो. दोष शोधायचा, राखणदार हाकलायचा नाही.

नवा स्विच घेताना

आधी फक्त दोरी तुटली आहे का ते बघा. बऱ्याच स्विचमध्ये डबीतून बोटभर दोरी बाहेर येते आणि एका छोट्या प्लास्टिकच्या जोडाने खालच्या लांब दोरीला मिळते. जोडाच्या खाली तुटली असेल, तर नवी दोरी गाठ मारून अडकवली की झालं, डबी उघडायचीही गरज नाही. अक्कांची दोरी जोडाच्या वर, तोंडाशीच तुटली होती. मग स्विचच बदलावा लागतो.

असे स्विच आपल्या बाजारात सहज दिसत नाहीत, ऑनलाइन मिळतात. त्यांत लहान सहा अँपिअरचे दिव्या-पंख्यांसाठी असतात आणि मोठे ४५-५० अँपिअरचे विजेच्या शॉवरसाठी. बाथरूमचा फॅन पंचवीस-चाळीस वॉटचा, म्हणजे ०.२ अँपिअरही घेत नाही. लहान स्विच भरपूर झाला.

त्यातही टू-वे प्रकार असेल तर आत तीन स्क्रू दिसतील: कॉम, एल-१, एल-२. जिन्याच्या दिव्याला खालून-वरून दोन बटनं असतात, त्यासाठीचा हा स्विच. फॅनला कॉम आणि एल-१ एवढेच वापरायचे. एल-१ आणि एल-२ ला तारा लावल्या, तर फॅन कधीच सुरू होणार नाही आणि तुम्ही नवा स्विच खराब समजून परत पाठवाल.

रंगांबद्दल मात्र फार जपा. परदेशी स्विचसोबतच्या कागदावर तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल असं लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये २००४ पासून हे रंग आले. आपल्याकडे लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही फेजच्या तारा, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. म्हणजे तिकडची न्यूट्रल निळी आणि आपल्याकडे निळी चक्क फेज असू शकते. शिवाय वायरिंग करताना त्या दिवशी जे बंडल हातात होतं तेच ओढलेलंही मी पाहिलं आहे. रंगावर विसंबू नका, टेस्टरवर विसंबा.

बदलायचं काम

वीज नाही याची खात्री झाली की झाकण काढून आधी मोबाइलवर फोटो घ्या. एका स्क्रूखाली दोन तारा असतील, तर त्यातली एक पुढे दुसऱ्या दिव्याकडे गेलेली असते. त्या दोन्ही पुन्हा एकाच स्क्रूखाली जायला हव्यात, नाहीतर फॅन चालेल आणि दिवा जाईल.

आपल्याकडची तार अनेक बारीक तंतूंची असते. टोक सोलून तंतू नीट पिळा, एकही बाहेर राहता कामा नये. स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून बघा, निसटली तर आत्ताच निसटू दे. जुन्या पेठांमधल्या घरात लाकडी पट्टीवर अॅल्युमिनियमची तार असेल, तर ती वाकवताना तुटते आणि तांब्याच्या तारेशी नुसती पिळून जोडली तर जोड काही काळाने तापू लागतो. तिथे हे काम थांबवून तारच बदलून घ्या.

डबी छताला बसवताना दोरी सरळ खाली लोंबेल अशी जागा बघा. तिरपी ओढ लागली की दोरी डबीच्या कडेवर घासते. अक्कांची दोरी तशीच तुटली. स्लॅबमध्ये गिट्टी ठोकून दोन स्क्रू पक्के बसवा, कारण या स्विचला रोज खाली ओढ बसणार आहे.

फॅन टायमरचा असेल, तर त्याला स्विचमधून येणाऱ्या फेजशिवाय एक कायमची फेजही लागते. दोरी ओढून बंद केल्यावरही तो काही मिनिटं फिरत राहतो. तो बिघाड नाही. पण दोरी बंद असतानाही त्या फॅनमध्ये वीज असतेच, हे विसरू नका.

आपण स्वतः बदलला तर चालतं का?

कायद्याने चालतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ वा नियम होता: वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्याला त्यातून सूट, जोवर मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. २०१० च्या नियमावलीतही ही सूट राहिली. म्हणजे जुन्या जागी तसाच स्विच बसवणं घरच्या माणसाला मोकळं आहे. नवी तार ओढणं, स्विचची जागा हलवणं हे परवान्याचं काम. माझं मत विचाराल तर, वरचं टेस्टरचं प्रकरण वाचताना ज्यांना सगळं स्पष्ट दिसलं त्यांनी करावं. जरा जरी धूसर वाटलं तर वायरमनला बोलवा, आणि इन्व्हर्टर बंद आहे का हे त्याला तुम्ही विचारा.

मग बाहेरच बोर्ड का नको?

वायरमनने अक्कांना हेच सुचवलं, आणि सूचना चुकीची नव्हती. दाराबाहेर बोर्ड हा आपल्याकडचा चांगला रिवाज आहे. पण अक्कांचे गुडघे दुखतात. आत गेल्यावर फॅन लावायचा राहिला तर पुन्हा बाहेर येणं त्यांना जमत नाही, मग त्या फॅन लावतच नाहीत. वाफ कोंडते, भिंतीला बुरशी धरते, फरशी निसरडी राहते. त्यांच्यासाठी दोरीच बरी. एक मात्र सांगते, बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्याच्या धुराला हा फॅन पुरेल असं धरून चालू नका. गिझर बाहेर हलवणं हाच उपाय.

शेवटी आम्ही नवा स्विच बसवला. वायरमनदादांनीच बसवला, मी टॉर्च धरला. इन्व्हर्टर चालू करण्याआधी त्यांनी स्वतःहून टेस्टर काढला. अक्का स्टुलावर बसल्या आणि बसल्या जागेवरून हात वर केला, तिथे गोंडा यावा म्हणून दोरी चार बोटं लांब सोडली.